दातारबाईंचा तिसरा रकाना

निनादने आपल्या सख्ख्या मावशीला फसवलं. मावशी म्हणजे आमच्या दातारबाई. रक्कम चार लाख एकोणसत्तर हजार रुपये. त्यातले दोन लाख दहा हजार एकरकमी, बाकीचे महिन्याला साडेतीन हजार याप्रमाणे चौऱ्याहत्तर महिने. निनादचं आडनाव मी लिहीत नाही. ज्याला कळायला हवं त्याला कळेल.

मी भाजीवाली आहे. आज माझे दोन टेम्पो आहेत, पण सुरुवात एका पाटीवर झाली. यवतमाळकडून लग्न होऊन आले तेव्हा नवरा मार्केट यार्डात दुसऱ्याचा टेम्पो चालवायचा. मी पहाटे यार्डातून माल उचलायचे आणि गुलटेकडीत एका तीनमजली इमारतीच्या फाटकाशी बसायचे. पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. सुती साडी, काखेत छत्री, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. मी ओरडत होते, "सांबार घ्या, ताजा सांबार!" आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

"सांबार हॉटेलात मिळतं, इडलीबरोबर," बाई म्हणाल्या. "ही कोथिंबीर. केवढ्याला?"

"दोन रुपये जुडी."

"दीड."

"काऊन बाई, आठ आण्यासाठी एवढं घासता? गरिबाच्या पोटावर…"

"तुझं पोट मध्ये आणू नकोस. मीही माझं आणलेलं नाही. दीड."

दीडला दिली आणि मनातल्या मनात शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या, तेव्हा मला वाटलं जुडी सडकी निघाली म्हणून भांडायला आल्या. मी पदर खोचला. बाईंनी पाचाची नोट माझ्या पाटीवर ठेवली.

"काल मी पाच दिले. तू दहा समजून साडेआठ परत केलेस."

"मग कालच सांगायचं न."

"काल घरी जाऊन लिहायला बसले तेव्हा कळलं. तुला तर आज मी सांगेपर्यंत कळलं नव्हतं. हिशेब येत नाही आणि धंदा करतेस?"

असा अपमान माझा कोणी केला नव्हता. आणि असे पाच रुपयेही मला कोणी परत आणून दिले नव्हते.

दातारबाई एका खाजगी शाळेत फी घेण्याच्या खिडकीत बसायच्या. लग्न केलेलं नव्हतं. इमारतीतले लोक मागून म्हणायचे, "नाव दातार आणि मूठ बंद." बाईंना ते ठाऊक होतं. "नाव बदलायला गॅझेटचा खर्च येतो," एवढंच म्हणायच्या.

पण त्या कंजूष नव्हत्या, हे मला त्यांची वही पाहिल्यावर कळलं. शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिकांची कोरी राहिलेली पानं दोऱ्याने शिवून त्या दर वर्षी एक वही करायच्या. पानावर तांबड्या पेन्सिलीने तीन रकाने. लोक किराणा, दूध, औषध असे रकाने करतात. बाईंचे रकाने वेगळे होते. पहिल्यावर लिहिलेलं 'लागलं', दुसऱ्यावर 'वाटलं', तिसऱ्यावर 'लाजेखातर'.

"दूध लागतं. नाटक बघावंसं वाटतं. आणि तिसरं म्हणजे आपल्याला लागलं नाही, वाटलंही नाही, पण नाही म्हणायची लाज वाटली म्हणून गेलं ते," त्यांनी मला समजावलं. "महिनाअखेर बेरीज करायची ती तिसऱ्यापासून. पहिल्यात कापता येत नाही. दुसऱ्यात कापू नये, माणूस वाळतं. कात्री लावायची ती तिसऱ्याला."

त्यांच्या दुसऱ्या रकान्यात दर महिन्याला एक नाटकाचं तिकीट असायचं, तेही पहिल्या पाच रांगांतलं. मी विचारलं, मागचं स्वस्त पडत नाही का? "मागे बसून नुसतं ऐकायचं तर घरी रेडिओ आहे."

मी तशीच वही घातली. पहिल्या महिन्याची बेरीज दाखवायला गेले तर तिसऱ्या रकान्यात सहाशे चाळीस रुपये. नवऱ्याने टेम्पो स्टँडवर दहा जणांना पाजलेला चहा, मंडळाची वर्गणी, आणि चारशे रुपये माझ्या चुलतदिराच्या लग्नातला आहेर.

"हा दीर कसा आहे?" बाईंनी विचारलं.

"हरामखोर आहे. आमच्या वाट्याचं शेत दाबून बसला आहे."

"आणि तू त्याला स्टीलची टाकी दिलीस. पाणी साठवायला. शेताला लागेल म्हणून का?"

मी हसले, पण रडूही आलं. मग बाईंनी मला एक वाक्य शिकवलं. "कोणी मागितलं तर पैसे नाहीत असं म्हणायचं नाही. ते बऱ्याच वेळा खोटं असतं आणि समोरच्याला ते कळतं. म्हणायचं, 'या महिन्यात नाही.' हे खरं असतं. आणि पुढे काही बोलायचं नाही. आपण कारण द्यायला लागलो की समोरचा घासाघीस सुरू करतो. तुला हे मी सांगायला नको."

या तीन शब्दांवर मी पहिला टेम्पो घेतला. हे मी कोणासमोरही कबूल करीन.

तेव्हा दिवस बदलत होते. ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल येऊ लागला होता आणि कोणी फोन केला तरी आपलेच पैसे जात होते. घरोघर हप्त्यांवर टीव्ही येत होते. एकदा टाय लावलेला एक मुलगा क्रेडिट कार्डाचे फॉर्म घेऊन इमारतीत आला. मी जिन्यात बाईंना भाजी देत होते.

"मॅडम, एकदम फ्री आहे."

"फुकट असेल तर तीन द्या. बिलं तुमच्या घरी पाठवा."

"तसं नाही मॅडम, आधी खर्च करायचा, पैसे नंतर."

"म्हणजे आधी जेवायचं आणि नंतर भूक लागते का ते बघायचं. अहो, पाणी प्या आणि जा. पाणी खरंच फुकट आहे."

इतकी पक्की बाई. यार्डातल्या अडत्यांनासुद्धा मी एवढी घाबरत नाही. या बाईला कोणी फसवू शकेल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी पैज लावली असती, आणि हरले असते.

निनाद त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण तो दहावीत असताना गेली. बापाने दुसरं लग्न केलं. इंजिनिअरिंगची फी चारही वर्षं बाईंनी भरली आणि वहीत पहिल्या रकान्यात लिहिली. तो शिकला, आयटी कंपनीत लागला, मोटारसायकलवरून यायला लागला. दिसायला गोड. फाटकातून जाताना मला "काय मावशी, आज काय ताजं?" असं विचारायचा. मला कोणी विनाकारण गोड बोललं की मी भाव वाढवते. पण माझाच गाफीलपणा, याच्या बाबतीत वाढवला नाही. बाईंचा मुलगा म्हणून वांगी फुकट दिली. पहिल्या दिवाळीला त्याने लॅपटॉप आणला आणि बाईंची वही त्यावर उतरवून दाखवली. आकडे टाकले की बेरीज आपोआप. बाई चष्मा पुसून पुसून बघत होत्या.

"तिसरा रकाना कुठे आहे रे?"

"मावशी, लाज नावाची कॅटेगरी नसते गं. ते सगळं मी मिसलेनियसमध्ये टाकलंय."

बाई हसल्या. कौतुकाने हसल्या. मी तिथेच बसून वाल सोलत होते आणि मीही हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

बाई निवृत्त झाल्या त्याच वर्षी घरमालकाने सांगितलं की इमारत पाडायची आहे, आज ना उद्या जागा सोडावी लागेल. बाईंचं भाडं महिना एकशे ऐंशी रुपये. तेवढ्यात आता पुण्यात बादलीसुद्धा भाड्याने मिळाली नसती. निनादने तोडगा काढला. मांजरीत उसाच्या शेतांमध्ये नव्या इमारती उठत होत्या. तिथे एक खोली, हॉल, स्वयंपाकघर असा फ्लॅट घ्यायचा. बाईंनी फंडाचे दोन लाख दहा हजार भरायचे, तो कर्ज काढणार, आणि हप्त्यातले साडेतीन हजार बाईंनी दर महिन्याला द्यायचे. पुढे राहायला बाई आणि नंतर फ्लॅट त्याचा.

"कागदावर तुमचं नाव घातलं न?" मी विचारलं.

"त्याने सांगितलं, माझ्या वयामुळे कर्जाला अडचण येते. नंतर घालू."

"बाई, मी कांद्याचं पोतंसुद्धा पावतीशिवाय उचलत नाही."

"कांदा तुझ्या बहिणीचा मुलगा नसतो," बाई म्हणाल्या, आणि विषय संपवला.

पेन्शन सहा हजार शंभर. साडेतीन गेले की उरायचे सव्वीसशे. माणूस महिन्याचा खर्च कसा आवळतं हे मी माझ्या पाटीवरून बघितलं. आधी मटार बंद झाला. मग पावशेर फरसबीची अर्धपाव झाली. मग त्या संध्याकाळी उशिरा यायला लागल्या, भाव उतरल्यावर. मेथीची अर्धी गड्डी मागितली तेव्हा मी चिडून म्हणाले, "अर्धी गड्डी कोणी विकत नाही बाई, जीभ पण अर्धीच घेऊन येता का?" बाईंनी अर्ध्या गड्डीचे पैसे मोजून ठेवले. कधी नव्हे ते उत्तर आलं नाही, तिथेच मला समजायला हवं होतं. मी तर भाव पाडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवरून त्याच्या खिशात किती आहेत ते सांगते.

दर महिन्याच्या पाच तारखेला निनाद यायचा. पाकीट घ्यायचा, दहा मिनिटं बसायचा, चहा प्यायचा. बाई फ्लॅटचा ताबा कधी मिळणार ते विचारायच्या. बिल्डरचं काम अडकलंय, परवानगी यायची आहे, पाण्याचा प्रश्न आहे. एकदा मी दारातच होते, तेव्हा त्याने कपाळाला आठी घालून सांगितलं, "मावशी, या महिन्यात नाही."

बाईंचंच वाक्य. शिकवलेलं सगळ्यांनाच होतं. मी ते माझ्या दिरावर वापरलं, याने ते जिने शिकवलं तिच्यावर वापरलं.

मला कळलं ते योगायोगाने. माझ्या टेम्पोला मांजरीतल्या एका मेसचं भाजीचं काम मिळालं. मेसवाल्याने पत्ता दिला तो त्याच इमारतीचा. इमारत पुरी झालेली, रंग देऊन वर रंग उडायला लागलेला. बाईंचा फ्लॅट म्हणून सांगितलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दाराशी गेले तर आत नागपूरकडची चार मुलं राहत होती. सगळी आयटीत. माझं बोलणं ऐकून खूश झाली. "काकू, तुम्ही आमच्याकडच्या का? बसा न बाप्पा."

"घरमालक कोण रे?"

"निनाद सर. आम्ही साडेतीन वर्षांपासून इथंच हाओ न. भाडं पाच हजार."

खाली उतरून मी टेम्पोवाल्याला म्हणाले, गाडी गुलटेकडीला घे. वांगी, टोमॅटो मागे तसंच. वाटेत मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. जिने चढून बाईंच्या दारात उभी राहिले आणि ओरडून सांगितलं. ताबा कधीच मिळालाय, भाडं खातोय तो, वर तुमचे साडेतीन हजार.

बाई पोळ्या लाटत होत्या. दोनच पोळ्या. "ओरडू नकोस, हे यार्ड नाही," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे."

त्यांनी दोन वर्षं आधीची वही काढून माझ्यासमोर ठेवली. एका ओळीवर बोट ठेवलं. 'मांजरी, बस, जाऊन-येऊन, अठरा रुपये.' पहिल्या रकान्यात, 'लागलं'. बाई स्वतः जाऊन बघून आल्या होत्या. खाली उभं राहून दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या बनियनी मोजल्या होत्या. त्याच्या आधी एकोणचाळीस महिने हप्ता 'लागलं'च्या रकान्यात होता. पुढच्या पाच तारखेपासून तोच हप्ता, तेच अक्षर, तिसऱ्या रकान्यात होता. लाजेखातर, साडेतीन हजार. लाजेखातर, साडेतीन हजार.

"आणि तुम्ही देत राहिलात?"

"त्याला चोर म्हणायला तोंड उघडेना. माझ्या बहिणीचं नाक आहे त्याला." पोळी तव्यावर टाकत त्या म्हणाल्या, "आणि हप्ता थांबवला तर तो येईल का गं पाच तारखेला?"

मी गप्प बसणारी नाही. मी निनादच्या घरी गेले. त्याने मला बाहेरच, लिफ्टपाशी उभं ठेवलं. "हे बघा, हा आमच्या घरातला प्रश्न आहे. मावशीने स्वखुशीने दिलेत. काही लेखी आहे का तुमच्याकडे?"

"वहीत आहे."

"वही!" तो हसला. "असल्या वह्या कोर्टात चालत नाहीत हो."

मी परत येऊन बाईंना म्हणाले, वकील करू, पैसे मी घालते. त्यांनी मला शपथ घातली. "मी जिवंत आहे तोवर माझी वही पुरावा होणार नाही. मी ती कोणाला पकडायला लिहिलेली नाही." शपथ मी पाळली. शब्द पाळणं धंद्यात लागतं. बाई जिवंत होत्या तोवर पाळली.

पुढच्या वर्षी इमारत पाडायला घेतली. बाईंनी सासवडच्या अलीकडे एका वृद्धाश्रमात खोली ठरवली. मी म्हणाले, माझ्याकडे या, वरची खोली रिकामी आहे. "मग तुझ्या वहीत मी कुठल्या रकान्यात येऊ?" बाईंनी विचारलं. मी तिन्ही रकाने मनात लावून बघत होते, तोवर त्या निघाल्या.

मी त्यांना स्वारगेटला सोडायला गेले. एक ट्रंक, एक कापडी पिशवी आणि छत्री. रिक्षाचे चाळीस रुपये मी दिले. बाईंनी लगेच चाळीस रुपये पुढे केले. मी नको म्हणाले. "लाजेखातर नको म्हणू नकोस," त्या म्हणाल्या, आणि मी घेतले. पाच तारीख होती. निनादला त्यांनी निघायचा दिवस कळवला होता. तो आला नव्हता. त्याने शेजाऱ्यांकडे निरोप ठेवला होता की पाकीट आश्रमात येऊन नेईन.

डेपोच्या भिंतीला रुपया टाकायचा पिवळा फोन होता. बाईंनी पिशवी माझ्या हातात दिली, नाणं टाकलं आणि नंबर फिरवला. पलीकडून तो भराभर काहीतरी बोलत होता, ते मला बाहेर ऐकू येत होतं. बाईंनी त्याला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "या महिन्यात नाही." आणि फोन ठेवला. कारण सांगितलं नाही.

मग त्या बाकावर बसल्या. पिशवीतून वही आणि तांबडी पेन्सिल काढली. मी वाकून बघत होते. सहा वर्षं दुसरा रकाना कोरा होता. हप्ता सुरू झाल्यापासून एकही नाटक नाही. बाईंनी त्या रकान्यात लिहिलं, 'फोन, एक रुपया.' वाटलं. गाडी लागली तेव्हा त्यांनी वह्यांची पिशवी माझ्याच हातात ठेवली. "तिकडे तीन वेळा जेवण देतात. लिहायला काही उरत नाही." खिडकीपाशी जाऊन बसल्या, पहिल्या रांगेत. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

वर्ष झालं नाही तोच त्या गेल्या. निनादने वर्तमानपत्रात फोटोसकट पाव पान शोकसंदेश दिला. 'आमच्या लाडक्या मावशीस, जिने आम्हांला पैशाची किंमत शिकवली.' पाव पानाचा भाव मी चौकशी करून काढला आहे. रकाना कोणता, ते सांगायला नको.

आता तो मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याच्या कंपनीच्या कॅन्टीनला भाजी माझी जाते. त्याला हे माहीत नाही, म्हणजे हे वाचेपर्यंत नव्हतं. रोज दुपारी तो माझा कांदा, माझी मेथी खातो. मी त्यात काही मिसळलेलं नाही. माल चोख द्यायचा, हा बाईंचा नियम आहे. पण बिलाच्या पाकिटातून या लेखाची एक प्रत त्याच्या टेबलावर जाईल, अशी व्यवस्था मी केली आहे.

निनाद, बाईंच्या बारा वह्या माझ्याकडे आहेत. कोर्टात चालत नाहीत म्हणालास, ठीक. माझ्या घरी चालतात. चौऱ्याहत्तर नोंदी आहेत. त्यांतल्या पस्तीस तिसऱ्या रकान्यात आहेत, आणि त्यातली लाज तुझ्या मावशीची नाही, तुझी आहे. तिने ती तुझ्या वतीने भरली. येत्या पाच तारखेला ये. पाकीट घेऊन यायचं, या वेळी तू. समोर बस, आणि प्रत्येक नोंदीपुढे तुझ्या हाताने लिही की हे पैसे तू कशासाठी घेतलेस. लागले म्हणून, की वाटलं म्हणून. चहा मी देईन, दहा मिनिटांचा.

आणि हे लक्षात ठेव, 'या महिन्यात नाही' हे उत्तर मी घेणार नाही.